एका घराची रांग

४ फेब्रुवारी, रविवार

आज नव्या घरात आलो. घर अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना एकेक झोपायची खोली. खिडक्या मोठ्या, भिंतींना ताजा पांढरा रंग. आत काहीच नसल्यामुळे बोललेलं घुमतं. बिट्टीला त्याचा शोध लागल्यापासून ती प्रत्येक खोलीत जाऊन स्वतःलाच हाका मारते आहे आणि स्वतःच ओ देते आहे. माझ्या मुलीला इतकं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

ताई, माझी थोरली बहीण, आमची घडी बसेपर्यंत इथेच राहणार आहे. तिने आल्या आल्या बाह्या सरसावल्या आणि विचारलं, की एवढं ऐसपैस घर घेतलंस, पण पाहुणा आला तर त्याला बसवू कुठे, खुंटीला टांगू का?

जुन्या घरातलं सामान मी विकून आलो. बिट्टीची आई शेवटचे महिने पुढच्या खोलीतच पडून होती. ती गेल्यावर त्या खोलीतल्या साध्या तिपाईकडेही बघवेना. ताईच्या मते मी सोन्यासारख्या वस्तू मातीमोल दिल्या. असेल. तिचं असंही म्हणणं आहे की बोलत नाहीस तर निदान लिहीत जा, आत साठलेलं नासतं. म्हणून ही वही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढतो. रेघा मारायची सवय आहे, वाक्यांची नाही.

६ फेब्रुवारी

नवं सामान घेण्याची ऐपत नाही. कचेरीतल्या एकाने जुन्या फर्निचरचं दुकान सुचवलं. ते एका बंद पडलेल्या सिनेमागृहात आहे. मालकाला सगळे थिएटरवालाच म्हणतात. तो तिकीटखिडकीत बसतो आणि येणाऱ्याला विचारतो, बाल्कनी की खालचं?

आतल्या खुर्च्या कधीच काढून टाकल्या आहेत. उतरत्या जमिनीवर पूर्वी खुर्च्यांच्या रांगा होत्या तशाच आता सामानाच्या रांगा आहेत. त्याची एक पद्धत आहे. एका घरातून आलेलं सामान तो एकाच रांगेत ठेवतो, मिसळत नाही. एकत्र नांदलेलं लाकूड वेगळं केलं की रुसतं, असं तो म्हणाला. सुटी वस्तू मागितली तर भाव चढा लावतो. अख्खी रांग घेतली तर निम्म्यात सोडतो.

बिट्टी रांगांमधून वरखाली पळत होती. आम्ही वरून चौथी रांग घेतली. जेवणाचं टेबल, त्याच्या तीन खुर्च्या, भांड्यांचं उभं कपाट, एक मोठा आणि एक लहान पलंग, एक बुटकं स्टूल. सगळं एकाच गडद, जड लाकडाचं. ताईने घासाघीस सुरू केली तेव्हा मी लाजून बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर थिएटरवाला मला म्हणाला, की साहेब, तुमच्या बहिणीने भाव नाही पाडला, मलाच पाडलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

सामान लागलं. मी आधी कागदावर खोल्यांचा आराखडा काढून कुठे काय बसेल ते ठरवलं होतं. एकही वस्तू हलवावी लागली नाही.

ताईने पॉलिशवाल्याला बोलावलं होतं. कानाला पेन्सिल लावलेला, यंत्राच्या आवाजाने ऐकू कमी येणारा, त्यामुळे सगळं जग बहिरं आहे असं समजून ओरडून बोलणारा माणूस. तो म्हणाला, आधी सगळं घासून काढू, मग असं चकाचक करू की दाढी करायला आरसा नको. मी नको म्हटलं. मेणाचा हात मार, तेवढं पुरे. खर्च वाचवायचा होताच, पण खरं कारण वेगळं होतं. या सामानावर माणसं राहिल्याच्या खुणा आहेत. एका खुर्चीची पुढची आडवी काठी टाचा आपटून झिजली आहे. कपाटाचा एक कोपरा खांद्याच्या उंचीवर हात टेकून टेकून गुळगुळीत झाला आहे. मला ते बरं वाटलं. आमच्या खुणा मी विकून बसलो आहे. दुसऱ्यांच्या तरी असू देत.

ताई चिडली. लोकांची झीज घरात कशाला, पैसे देऊन आणलेली वस्तू उष्टी वाटते, असं म्हणाली. मी ऐकलं नाही.

लहान पलंग बिट्टीला दिला. त्याला एका बाजूने कठडा आहे, पोर पडू नये म्हणून. कठड्याचा मधला भाग हाताने झिजून अर्ध्यावर आला आहे. कोणी आई किंवा बाप स्टुलावर बसून, तिथे हात ठेवून रोज गोष्ट सांगत असणार. इतकी झीज व्हायला वर्षं लागतात. ज्या पलंगाशेजारी कोणी वर्षानुवर्षं बसलं, तो पलंग चांगलाच असणार, असं मला वाटलं.

११ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदाच तिघं टेबलाशी बसून जेवलो. कोणी कुठे बसायचं हे ठरवावं लागलं नाही. बिट्टी आपणहून त्या झिजलेल्या काठीच्या खुर्चीवर बसली आणि तिच्या टाचा नेमक्या झिजेवर पडल्या. मला गंमत वाटली. दुपारी आडवा झालो तर मोठ्या पलंगातला खड्डा माझ्या पाठीला मापाने केल्यासारखा. घर आमची वाट बघत होतं म्हणायला हरकत नाही.

१४ फेब्रुवारी

बिट्टी मला तुम्ही म्हणते. जन्मापासून अरे-तुरे करणारी मुलगी. सकाळी म्हणाली, बाबा, तुम्ही लवकर याल ना? ताई हसून म्हणाली, नव्या शाळेने वळण लावलं वाटतं, तुझ्याच्याने तर काही झालं नसतं. तसंच असेल.

ती झोपते शहाण्यासारखी. पूर्वी सकाळी तिचं डोकं पायाशी सापडायचं. आता उताणी, सरळ, गादीच्या एकाच जागी. पांघरूणसुद्धा विस्कटत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ताईच्या पायाला भिंगरी आहे. बसून जेवणंसुद्धा तिला शिक्षा वाटते. आज सकाळी मी वर्तमानपत्र वाचून संपवलं तरी ती भांड्यांच्या कपाटाशी उभी होती. हात कोपऱ्यावर टेकलेला, नजर बोळातून बिट्टीच्या खोलीकडे. दूध उतू गेलं. मी हाक मारली तर दचकली आणि म्हणाली, काय मेलं लक्ष असतं माझं.

हात नेमका गुळगुळीत जागेवर होता. ताई माझ्यापेक्षा बुटकी आहे. तिथे हात टेकवायला तिला टाच उचलावी लागत होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मी बैठकीत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली, अहो, जरा येता का?

मी आलो म्हणालो आणि उठलो. बोळाच्या मध्यावर आल्यावर थांबलो. घरात मला अहो म्हणणारी एकच होती, आणि ती नाही.

ताई हात पुसत उभी होती. काय म्हणालीस विचारलं तर म्हणाली, डबा उघडत नाही रे, बघ. मी अहो म्हटल्याचं सांगितलं तर तिने मला वेड्यात काढलं. सख्ख्या भावाला अहो म्हणायला मला काय चळ लागलाय, म्हणाली. मग माझा चेहरा बघून पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मला बिट्टीच्या आईची आठवण आली.

पण मी ओ दिली होती. एका क्षणाचाही विचार न करता.

२० फेब्रुवारी

शाळेतून निरोप आला म्हणून कचेरीतून निघून बिट्टीला आणलं. खेळाच्या तासाला ती मैदानात बसली आणि उठेना. ताप नाही. डॉक्टरीण बाईंनी पाय, पाठ, डोळे, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. नवी जागा, आईविना पोर, थोडे लाड करा, असं म्हणाल्या.

घरी येऊन ती पलंगावर पडली. मी स्टूल ओढून बसलो, हात कठड्यावर ठेवला. हात बसला. चार बोटं बाहेरून, तळवा वर, आणि अंगठा आत वळून कठड्याच्या खालच्या बाजूला. तिथे खाच आहे. वरून दिसत नाही. अंगठा दाबून दाबून पडलेली खाच.

गोष्ट सांगणाऱ्याचा हात असा नसतो, तो सैल असतो. अंगठा खालून रुतवून माणूस कधी धरतो ते मला ठाऊक आहे. मी तसं धरलेलं आहे. बिट्टीच्या आईचा पलंग लोखंडाचा होता, त्यावर काही उमटलं नाही. लाकडावर उमटतं.

ही मायेने बसण्याची जागा नव्हती. इथे कोणीतरी मरणाऱ्या मुलाजवळ बसलं होतं.

२१ फेब्रुवारी

थिएटरवाल्याकडे गेलो. रांग कुणाच्या घरची ते विचारलं. त्याने आधी थट्टेवारी नेलं, एकदा लागलेला खेळ परत करत नाही म्हणाला. मी हललो नाही तेव्हा खिडकीतून बाहेर आला.

एक नवरा-बायको होते. सगळं देऊन टाकलं, चमचेसुद्धा. पैशांसाठी थांबले नाहीत. त्यांना मूल होतं का विचारलं. होतं की, म्हणाला. सामान न्यायला आले तेव्हा बरोबर होतं. मुलगी. रांगांमधून अशी धावत होती की त्याला ओरडावं लागलं.

न्यायला? मी विचारलं. हो, त्यांनीही त्याच्याकडूनच नेलं होतं. हीच रांग. त्यांच्या आधी आणखी एका घरी होती. तो अभिमानाने म्हणाला, मजबूत माल आहे साहेब, परत येतो.

त्या मुलीचं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. परत करायला दोघंच आले होते.

मी त्याला सगळं आजच घेऊन जा म्हणालो. त्याची गाडी पुढच्या आठवड्याशिवाय मोकळी नाही. आणि मग वाटलं, तो ही रांग पुन्हा मांडेल. आणखी कोणाची तरी मुलगी पळत येईल.

२२ फेब्रुवारी

रजा टाकली. पॉलिशवाल्याला बोलावून सगळं घासायला सांगितलं. एकही खूण नको. तो ओरडला, तेव्हाच सांगत होतो, पण गरिबाचं कोण ऐकतं! दिवसभर यंत्र चाललं. घरभर तांबूस भुकटी, जेवणातसुद्धा. कपाटाचा कोपरा तासला, खुर्चीची काठी नवी बसवली. लहान पलंग फोडायला लावला आणि तुकडे मागच्या अंगणात जाळले. ताई म्हणाली, घासायचंच होतं तर आधी का नाही, आणि जाळायचं होतं तर घेतलंच कशाला. बोलली, म्हणून बरं वाटलं. तिचं बोलणं तिचंच होतं.

बिट्टीचं अंथरूण जमिनीवर घातलं. सपाट फरशी, पातळ गादी. लाकूड कोरं झालं. आज छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतं आहे.

२३ फेब्रुवारी

दुपारी उन्हात बघितलं. बिट्टी सपाट जमिनीवर खड्ड्यात झोपल्यासारखी झोपली आहे. डावा खांदा आत, कंबर खाली, मान एका बाजूला. खाली काही नाही. मी हात घालून बघितलं. खड्डा तिच्यात आहे.

तिच्या दोन्ही टाचा कडक झाल्या आहेत. पिवळट, गुळगुळीत, चकचकीत. ताईचा उजवा तळवा तसाच. तिला दाखवला तर म्हणाली, भांडी घासून घासून झालंय.

माझ्या अंगठ्याच्या पेरात खाच आहे.

आम्ही ती झीज लाकडावरून काढली. ती कुठेतरी जाणारच होती.

२४ फेब्रुवारी

बिट्टी उठत नाही. दुखत नाही म्हणते. फक्त म्हणते, बाबा, तुम्ही इथे बसा.

मी बसणार नाही. दारात उभा राहतो. माझा हात मिटतो आणि उघडतो. त्यांच्यातला बाप बसला म्हणून ते घडलं. मी बसलो नाही, धरलं नाही, तर पुढचं होणार नाही. हिच्या आईला मी धरून ठेवलं होतं. धरून माणूस राहत नाही.

उद्या इथून निघायचं. घर, सामान, सगळं टाकून.

२५ फेब्रुवारी, रविवार

गाडी बोलावली. बिट्टीला मागच्या सीटवर बसवलं तर अशी किंचाळली की गाडीवाला खाली उतरला. पाठ सरळ होत नाही. ताईच्या मांडीवर आडवी केली तेव्हा शांत झाली. गावाबाहेर लॉज दिसलं, तिथे थांबलो. याहून पुढे तिला नेववत नाही.

खोली स्वच्छ आहे. पलंग नवा, स्वस्त प्लायवूडचा, कडेला पट्टी. त्यावर याआधी कोणी झोपलं असेल असंही वाटत नाही. डॉक्टर शोधून आणला. त्यालाही काही सापडलं नाही. उद्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला.

ताई दाराच्या चौकटीला हात टेकून उभी आहे. टाच उचलून. जेव म्हटलं तर म्हणते, तुम्ही आधी घ्या.

२६ फेब्रुवारी

सकाळी बिट्टी गादीत खाली गेलेली दिसली. एवढीशी पोर, पिसासारखी, आणि गादी तिच्याखाली दगड ठेवल्यासारखी दबलेली. बघता बघता आणखी दबली. श्वास लांबत गेला. मग येईना.

मी धावलो. पट्टी धरली, अंगठा खालून. विचार केला नाही.

श्वास आला. गादी थांबली.

हात काढला— पुन्हा खाली. धरला— थांबली.

दवाखान्याची गाडी आली होती. दोघांनी तिला उचलायला हात घातले. मी पट्टी सोडली तशी ती त्यांच्या हातातच वाकली, निळी पडली. त्यांनी घाबरून परत ठेवली. मी धरलं. रंग आला. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना इथेच आणतो म्हटलं. अजून आले नाहीत.

मला उलटं कळलं होतं. जाळलेल्या पलंगाचा कठडा झिजून अर्ध्यावर आला होता. तेवढी झीज व्हायला वर्षं लागतात. म्हणजे ती मुलगी वर्षानुवर्षं जिवंत होती. बाप धरून होता तोवर. धरल्यामुळे गेली नाही ती. कधीतरी झोप लागली असेल. किंवा हात—

२७ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा पट्टीवर.

ताईला म्हटलं, घटकाभर तू धर. ती दारातून हलत नाही. माझ्याकडे बघते आणि म्हणते, अहो, सोडू नका हं.

पट्टीचं पॉलिश अंगठ्याखाली पांढरं पडलं आहे. एका दिवसात.

बिट्टी डोळे उघडून म्हणाली, बरं वाटतंय. हसली. हसणं तिचंच आहे. तेवढ्यासाठी मी धरेन. वर्षं लागू देत. कचेरीला कळवायला हवं— कोण कळवणार—

दुपार

एक हात पुरेना. गादी हळूहळू— मघापासून बोटभर. दाबतो तेव्हा थांबते, पण पूर्ण नाही. दोन्ही लागणार. त्या कठड्यावर दोन हातांची झीज असेल, मी नीट बघितलंच नाही, जाळून टाकलं—

ताईला लिहायला सांगितलं. ती वहीकडे बघतही नाही.

एवढंच लिहितो. कोणी वाचलं तर ती रांग जाळा, घासू नका, घासल्याने— आणि इथे येऊन कोणीतरी माझ्या जागी धरा. मी थकलो तर ताबडतोब, मध्ये क्षणभरही जागा रिकामी—

बिट्टी बोलावते आहे. खालून. तोंड दिसत नाही आता, केस फक्त. दोन्ही हातांनी धरा म्हणते. वही ठेवतो. डावा हात तिकडे नेईपर्यंत एवढा वेळ जाईल की